बाइंडरच्या तीन बरगड्या

१

रविवारी दुपारी साडेचारला पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला स्ट्रेचरवरून आत आणलं, तेव्हा तो पोट धरून एका कुशीवर वळला होता. त्याची बायको स्ट्रेचरबरोबर चालत होती आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "यांना जेवणातून काहीतरी दिलंय."

"कुणी?" ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं. डॉक्टर तरुण होता. दवाखान्यात रविवारी तो एकटाच असायचा.

तिने मागे बोट दाखवलं. भिंतीलगतच्या बाकावर एक रुंद खांद्याचा माणूस बसला होता. नखांत काळं ग्रीस, अंगात मात्र इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो बाइंडरचा थोरला भाऊ, गॅरेजवाला. शेजारी त्याची बायको मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसली होती.

हकीकत थोडक्यात अशी. दोघा भावांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. एका गावात राहून एकमेकांच्या दारात पाऊल नव्हतं. आज थोरल्याने पहिल्यांदा जेवायला बोलावलं. साडेबाराला पानं वाढली. अडीचला बाइंडर वाकडातिकडा होऊन खाली बसला, मग उलट्या सुरू झाल्या. तेच जेवण बाकी तिघं जेवली होती, त्यांना काही झालं नव्हतं.

"म्हणजे यांच्याच ताटात काहीतरी होतं," बाइंडरची बायको म्हणाली.

थोरली जाऊ उठली. तिने डब्याचं झाकण काढलं. "उरलंसुरलं सगळं आणलंय, डॉक्टर. त्याच्या ताटातलंसुद्धा. तपासायला पाठवा." एवढं बोलून ती थांबली, धाकट्या जावेकडे बघितलं, आणि डब्यात हात घालून उभ्या उभ्या खायला लागली. एक घास, दुसरा, तिसरा. तिचे डोळे भरून आले होते, पण हात थांबत नव्हता. शेवटी नवऱ्यानेच डबा काढून घेतला.

डॉक्टरने घाम पुसला. "मला पोलिसांना कळवावं लागेल. तोपर्यंत कुणी इथून हलायचं नाही. आधी यांचा छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढून घ्या."

२

एक्स-रेच्या खोलीत जी बाई होती तिला सगळे फिल्मबाई म्हणत. फिल्म धुवून दोरीवर वाळत घालायच्या काळापासून ती तिथे होती. आता सगळं संगणकाच्या पडद्यावर दिसायचं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तिच्या कामाचा नियम साधा होता, फोटो काढायचा, वाचायचा नाही. वाचणं डॉक्टरचं काम. पण एकतीस वर्षं माणसांच्या आत बघितल्यावर डोळे मिटून घेता येत नाहीत.

"आडवे व्हा," ती म्हणाली.

"आडवं नाही होता येत," बाइंडर म्हणाला. "बसूनच काढा."

"आज, की नेहमीच?"

तो कोपरावर रेलून उठून बसला. बावन्न वर्षांचा, उंच, काटकुळा माणूस. बोटांच्या टोकांवर डिंकाचे वाळलेले पापुद्रे. तिने त्याला बसवूनच फोटो काढला. पडद्यावर चित्र उमटलं आणि तिचा हात माउसवरच थांबला.

उजवी बाजू नेहमीसारखी होती. डावीकडे फुप्फुसाचा खालचा अर्धा भाग जणू पुसून टाकला होता. तिथे धुरकट पांढरं काहीतरी भरलं होतं, त्यात हवेचे गोल गोल फुगे. हृदय उजवीकडे ढकललं गेलं होतं. आणि छाती नि पोट यांच्यामध्ये जो पडदा असतो, ज्याची कमान फोटोत स्वच्छ दिसते, ती कमान डावीकडे कुठेच नव्हती.

तिने चित्र मोठं केलं. डाव्या कुशीत, काखेच्या सरळ खाली, तीन बरगड्यांवर गाठी होत्या. सातवी, आठवी, नववी. मोडलेलं हाड कुणी नीट न बसवता आपसूक सांधलं की येतात तशा. जुन्या, वर्षानुवर्षांच्या.

ती त्याच्याजवळ गेली. "या बरगड्या कधी मोडल्या?"

"कुठल्या बरगड्या?"

"डाव्या बाजूच्या. तीन."

"माझ्या नाहीत मोडल्या कधी," तो म्हणाला. श्वासागणिक वाक्य तुटत होतं. "दुसऱ्या कुणाचा फोटो असेल."

"अहो, खोलीत तुमच्याशिवाय कोण आहे?"

त्याने तिचं मनगट धरलं. हात गार पडला होता, पण पकड चिवट होती. "बाई, तुमच्या पाया पडतो. तुम्ही काही पाहिलं नाही. माझ्या भावासमोर तर अजिबात नाही."

विष घातल्याचा संशय ज्या भावावर, त्याच्यापासून हा माणूस स्वतःची मोडलेली हाडं लपवत होता.

३

डॉक्टरने चित्र पाहिलं आणि त्याची खात्री पटली. "अन्ननलिका फाटलीय. काहीतरी विषारी पोटात गेलं, जोराच्या उलट्या झाल्या, त्या जोराने ती फाटली, आणि सगळी घाण आणि हवा छातीत आली. डाव्या बाजूलाच येते ती. छातीत नळी घालून आधी ते बाहेर काढतो."

त्याचं बोलणं पुस्तकाला धरून होतं. फिल्मबाईला तेच खटकलं.

"डॉक्टर, उलट्या आधी की दुखणं आधी?"

"म्हणजे?"

"उलट्यांनी अन्ननलिका फाटली असेल तर आधी उलट्या आणि मग दुखणं. हे गृहस्थ आधी दुखून खाली बसले, उलट्या नंतर झाल्या. त्यांच्या बायकोनेच सांगितलं मघाशी."

डॉक्टर पुन्हा चित्राकडे वळला. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ही कमान शोधून दाखवा मला. आणि हे फुगे. मला तर हे आतडं वाटतं. पडदा फाटलेला असेल आणि आतडं वर चढून त्यात अडकलं असेल, तर तुम्ही नळी घालाल ती आतड्यात जाईल."

याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही. डॉक्टरचा चेहरा उतरला. पण तो हटला नाही. "पडदा असा सहजी फाटत नाही, बाई. गाडीखाली येणं, उंचावरून पडणं, असा जबर मार लागतो. मी पेशंटला दोनदा विचारलं. बायकोला विचारलं, भावाला विचारलं. तिघांनीही सांगितलं, कधीच काही लागलेलं नाही. तिघं मिळून खोटं कशाला बोलतील? तेही एकमेकांवर विषाचे आरोप करत असताना?"

"पण बरगड्या मोडलेल्या आहेत."

"बरगड्या खोकल्यानेही मोडतात. शहरात पाठवून मोठा स्कॅन करायचा तर दीड तास. त्याचं ब्लडप्रेशर उतरतंय. दीड तास त्याच्याकडे नाही."

"सर्जनला बोलवा."

"कशासाठी बोलवू? पोट फाडायला त्यांना कारण लागतं. मी काय सांगू, फिल्मबाईंना वाटतंय म्हणून?" तो लगेच ओशाळला. "पंधरा मिनिटं. नळीची तयारी व्हायला तेवढा वेळ लागेल. तेवढ्यात मार कुठे लागला ते कळलं तर सांगा."

४

गॅरेजवाला बाकावर तसाच बसून होता. फिल्मबाई त्याच्या शेजारी टेकली.

"तुम्ही नऊ वर्षं का बोलत नव्हतात?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या कोटामुळे असेल, किंवा कुणीतरी विचारावं असं त्याला वाटत असेल, पण तो बोलायला लागला.

"आई गेली आमची. धाकट्याच्या गाडीत. तो, त्याची बायको पुढे, आई मागे. एका चौकात डावीकडून ट्रक आला आणि गाडीच्या कुशीत घुसला. आई मागे डाव्या बाजूलाच बसली होती." तो थांबला. "गाडी माझ्याच गॅरेजात आणून टाकली त्यांनी. डावी बाजू पुढपासून मागपर्यंत पत्र्याच्या डब्यासारखी चेपलेली. उजवीकडे काचेला तडासुद्धा नाही."

"आणि तुमचे भाऊ?"

"आई गेली, आणि त्याला साधं खरचटलंही नाही. स्वतःच्या पायांनी घरी गेला. मी चालवत होतो, माझी चूक, एवढंच म्हणाला."

"त्यांच्या बायकोला लागलं असेल मग."

"तिच्या चष्म्याची काचदेखील फुटली नव्हती." हे तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"आज यांना इथे कुणी आणलं?"

"मीच. धाकटीला म्हटलं, तू गाडी घे, मी त्याला मागे धरून बसतो. पण तिने त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"आणि बाइंडर? ते चालवतात?"

"तो रोज चालवतो. छापखान्यात फेऱ्या असतात त्याच्या."

फिल्मबाई उठली. तिच्या डोक्यात ती गाडी उभी राहिली होती आणि त्या गाडीत कोण कुठे बसलं होतं ते काही केल्या जुळत नव्हतं.

"शेवटचं विचारते. जेवल्यानंतर काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? एका गिऱ्हाइकाची गाडी बंद पडली होती दारात. दोघांनी मिळून ढकलली. लहानपणी ढकलायचो तशी." त्याने नखातलं ग्रीस अंगठ्याने खरवडलं. "हसत होता तो. हसता हसता खाली बसला."

घड्याळात सात मिनिटं गेली होती.

५

बाइंडरच्या बायकोला तिने एक्स-रेच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. ती वाचनालयात काम करणारी, बुटकी, नीटनेटकी बाई होती. मघाचा आवाज आता कुठल्या कुठे गेला होता.

"तुमचे यजमान जेवतात किती?"

"पाखराएवढं. दोन घास जास्त झाले की छातीवर दाबल्यासारखं होतं म्हणतात. उशा रचून बसूनच झोपतात."

"किती वर्षं?"

"आठ… नऊ."

"आज पोटभर जेवले?"

"वहिनी वाढत होत्या. दादा समोर बसले होते. नाही कसं म्हणणार?"

"आणि मग गाडी ढकलली." फिल्मबाईने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा, ताई. त्यांना कुणी विष घातलेलं नाही. भरलेलं पोट, त्यावर जोर. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटलेला आहे, त्या फटीतून आतडं वर गेलं आणि तिथेच आवळलं गेलंय. पण फट आजची नाही. फट त्या दिवसाची आहे, जेव्हा या तीन बरगड्या मोडल्या."

तिने चित्राकडे पाहिलंच नाही.

"ट्रक डावीकडून आला," फिल्मबाई म्हणाली. "डावी बाजू चेपली. उजवीकडे काचेला तडा नाही. चालवणारा माणूस उजवीकडे बसतो. मग उजवीकडे बसलेल्या माणसाच्या डाव्या कुशीतली हाडं मोडतात, आणि चेपलेल्या दाराला टेकून बसलेल्या बाईचा चष्मासुद्धा फुटत नाही, हे कसं झालं? आणखी एक. ज्याच्या हातून आई गेली तो आजही रोज गाडी चालवतो, आणि शेजारी नुसती बसलेली बाई नऊ वर्षं स्टिअरिंगला शिवत नाही. मला एवढंच कळतं, ताई, की तुम्ही दोघांनी जागा बदलून सांगितल्या."

 ती खुर्चीवर बसली.

"लायसन्स मिळून दोन महिने झाले होते मला," ती म्हणाली. "सासूबाईच म्हणाल्या, आज सूनबाई चालवणार. मी डावीकडे पाहिलंच नाही. लोक धावत आले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसले होते आणि हे उजव्या दाराशी उभे होते. मी चालवत होतो, असं सांगत होते. दवाखान्यात गेलो असतो तर मार डावीकडे आहे ते दिसलं असतं. दादा गॅरेजवाले, त्यांना चटकन कळलं असतं. म्हणून घरीच राहिले. पुस्तकांना लावायचं कापड असतं ना, जाड, त्याच्या पट्ट्यांनी मी छाती आवळून बांधायची. सहा आठवडे. हाडं भरून आली. मला वाटलं, संपलं. त्या दुखण्याचा आजच्या पोटाशी काय संबंध, मला कसं कळणार?"

"मग विषाचं का म्हणालात?"

"नऊ वर्षांनी अचानक बोलावणं आलं. मला वाटलं, दादांना कळलं असेल." तिने मान खाली घातली. "मनात चोर असला की दुसऱ्याच्या ताटातही विष दिसतं."

"हे डॉक्टरांना सांगायला हवं. मी त्यांना इथे बोलावते, बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही."

"त्यांनी मला शपथ घातलीय."

"ताई, चार मिनिटं राहिलीत."

बाइंडरची बायको उठली, दार उघडलं, आणि डॉक्टरच्या खोलीकडे न जाता सरळ बाकाकडे चालायला लागली.

६

ती दिरासमोर उभी राहिली. डॉक्टर हातमोजे घालून दारात आला होता.

"डॉक्टर, नऊ वर्षांपूर्वी अपघातात यांच्या डाव्या बरगड्या मोडल्या. ते डावीकडे बसले होते. गाडी मी चालवत होते." मग ती गॅरेजवाल्याकडे वळली. "सासूबाई माझ्यामुळे गेल्या, दादा."

थोरल्या जावेने तोंडावर हात घेतला. गॅरेजवाला मात्र हलला नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

डॉक्टर आत वळला.

"गाडी माझ्याकडे आली तेव्हा चालवणाऱ्याची सीट पुढे ओढलेली होती. पार शेवटच्या खाचेपर्यंत. धाकटा सहा फूट. त्याचे गुडघे मावले नसते तिथे." तो सावकाश बोलत होता. "आई गेली त्याचा राग नव्हता माझा. अपघात कुणाच्याही हातून होतो. सख्खा भाऊ माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलला, त्याचा होता. वाटलं, आज येईल, उद्या येईल, सांगेल. नऊ वर्षं वाट बघितली. आज जेवण झाल्यावर मीच विचारणार होतो."

"मघाशी मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?" फिल्मबाईने विचारलं.

"सवय झाली होती, बाई. तो लपवतो तर आपणही लपवायचं."

डॉक्टर आत गेला होता. त्याने बाइंडरच्या छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला आणि या वेळी तो घाईने उचलला नाही. पूर्ण मिनिटभर ऐकलं. श्वासाच्या जागी तिथे बारीक गुडगुड ऐकू येत होती, पोटात येते तशी. मग त्याने नळीचा ट्रे बाजूला सारला आणि सर्जनला फोन लावला. सर्जन वीस मिनिटांत आला. सहा वाजायच्या आत बाइंडर ऑपरेशनच्या टेबलावर होता.

पडद्यात चार बोटं मावतील एवढी फट निघाली. तिच्यातून मोठ्या आतड्याचा एक वेढा वर गेला होता आणि तिथेच पिळला गेला होता. वीतभर तुकडा काळा पडला होता, तो कापून काढावा लागला. "नळी घातली असती तर टेबलापर्यंत पोचलाच नसता," हात धुताना सर्जन म्हणाला. डॉक्टरने ते फिल्मबाईला जसंच्या तसं सांगितलं. पोलिसांसाठी लिहायला घेतलेला कागद त्याने फाडून टाकला होता.

७

पहिले दोन दिवस भरवसा नव्हता. ताप चढत होता, श्वासाला यंत्र लावलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी फिल्मबाई चाकांचं मशीन ढकलत त्याच्या खाटेपाशी गेली, तेव्हा यंत्र काढलेलं होतं. बाइंडर झोपला होता. आडवा, एकाच उशीवर.

त्याची बायको पायथ्याशी बसली होती. दोन दिवसांत तिच्याशी घरातलं कुणी धड बोललेलं नव्हतं. थोरली जाऊ डबा आणून ठेवायची आणि न बोलता जायची. विषाचा आळ तिच्या जिव्हारी लागला होता, आणि तो एका ऑपरेशनने निघणारा नव्हता. गॅरेजवाला खिडकीशी उभा होता.

फोटो निघाला. मशीनवरच्या छोट्या पडद्यावर दोन्ही बाजूंच्या कमानी जागच्या जागी दिसत होत्या. गॅरेजवाला जवळ आला. तिने त्याला बघू दिलं.

"त्या बरगड्या कुठल्या?"

तिने दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला.

"अशा तीन मोडल्यावर किती दुखतं?"

"खोकताना, शिंकताना जीव जातो," फिल्मबाई म्हणाली. "हसतानाही. आणि श्वास तर टाळता येत नाही. दर श्वासाला."

"किती दिवस?"

तिने पायथ्याकडे पाहिलं. उत्तर बाइंडरच्या बायकोने दिलं. "सहा आठवडे, दादा."

त्याने मान हलवली. "त्या सहा आठवड्यांत मी एकदा गेलो होतो त्याच्याकडे. दारातूनच वाटेल ते बोललो. आईची आण घालून म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो उंबऱ्यात ताठ उभा होता. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, केवढा माज आहे याला."

"बोलता येत नव्हतं त्यांना," ती म्हणाली. "मी दाराआड होते. मागून धरून उभी होते, पडू नयेत म्हणून."

गॅरेजवाल्याने स्टूल ओढलं आणि भावाच्या डाव्या अंगाला बसला. हात पुढे केला, पण कुठे ठेवावा ते त्याला कळेना. बाजूला टाके होते, नळ्या होत्या. शेवटी तो हात त्याने स्वतःच्याच गुडघ्यावर ठेवला आणि धाकटा जागा व्हायची वाट बघत बसून राहिला.